विश्वाच्या आधी काय होतं, असं लेकीनं विचारलं तर

ताई, नमस्कार.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. घरचे यंत्रमाग आहेत, टॉवेल निघतात. मी दहावी झालेली. मुलगी नववीत आहे. तिनं मोबाइलवर विश्वाच्या जन्माचे व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून तिचं सगळं लक्ष तिकडेच. शाळेत विचारलं, "महास्फोटाच्या आधी काय होतं?" तर "अभ्यासक्रमात नाही ते विचारू नको" म्हणून गप्प बसवलं. मग घरी आजोबांना विचारलं. माझे सासरे मूळचे मंगळवेढ्याकडचे, तिकडे ज्वारीची शेती होती. सिद्धेश्वर महाराजांवर फार श्रद्धा. पाय चालत होते तोवर गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर चालायचे. ते म्हणाले, "सगळं त्यानंच केलंय, त्यात विचारायचं काय?" ती म्हणाली, "आजोबा, हे सगळं खोटंय." तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. त्यात आता ती रात्री जागी राहते. "सूर्य विझणार, सगळंच संपणार, मग अभ्यास करून काय करायचं?" म्हणते. जाऊबाई म्हणतात मोबाइल काढून घ्या. हे म्हणतात, तारे बघून पोट भरतं का? खरं काय ते मला कळेल असं सांगा. तिला काय उत्तर देऊ? आणि या दोघांना बोलतं कसं करू?

– एक आई, सोलापूर

ताई,

मोबाइल काढून घेऊ नका. त्यानं प्रश्न जाणार नाही, फक्त ती तो तुमच्यापासून लपवायला शिकेल. शाळेनं गप्प केलं, आजोबांशी बिनसलं, आता विचारायला तिच्याकडे तुम्हीच उरलात. आणि तुम्ही तो प्रश्न धुडकावला नाही, पत्र लिहिलंत, याचं मला फार बरं वाटलं.

तिचा प्रश्न इतका खोल आहे की त्याचं उत्तर आज जगात कुणाकडेच नाही. पण त्याच्या अलीकडचं पुष्कळ काही पक्कं कळलेलं आहे. व्हिडिओंची अडचण ही की पुराव्यानं सिद्ध झालेलं, हिशोबातून निघालेलं आणि निव्वळ कल्पनेतलं हे सगळं ते एकाच आवाजात, एकाच संगीतावर सांगून टाकतात. नववीतल्या पोरीला त्यातलं काय कशावर उभं आहे हे कळणार कसं? तेवढं वेगळं काढायला तिला शिकवा. त्याला दहावीच्या पुढचं शिक्षण लागत नाही. तिच्या शेजारी बसून व्हिडिओ बघा आणि मधेमधे एवढंच विचारा: "हे त्यांना कसं कळलं गं?" जिथे तिला सांगता येईल तिथे ती शिकली. जिथे सांगता येणार नाही तिथे दोघींनी मिळून शोधायचं.

आता खरं काय आहे ते. आपल्याला दिसतं ते सगळं विश्व सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अतिशय दाट आणि अतिशय तापलेलं होतं. तेव्हापासून ते पसरतंय आणि निवतंय. महास्फोटाचा सिद्धांत म्हणतो ते एवढंच. व्हिडिओत काळ्या पोकळीत बॉम्ब फुटल्यासारखं दाखवतात, ते चित्र मुलीच्या डोक्यातून आधी काढा. कुठल्या एका जागी काही फुटलं आणि बाहेरच्या रिकाम्या जागेत उडालं, असं झालेलं नाही. जागाच ताणली गेली. तुमच्या गावाची चादर घ्या. तिच्यावर विणलेली फुलं आहेत, आणि ती चादर चारी बाजूंनी सारखी ताणली जातेय असं समजा. कुठल्याही फुलावर बसून पाहिलं तरी बाकीची सगळी फुलं दूर जाताना दिसतील. जवळचं हळू, लांबचं वेगानं. आणि मधलं फूल कुठलं, या प्रश्नाला अर्थ राहणार नाही, कारण प्रत्येकालाच आपण मध्ये आहोत असं वाटेल. आपली आकाशगंगा अशा एका फुलावर आहे.

हे कसं कळलं? शंभर वर्षांपूर्वी आपली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व, असं मानणारे मोठमोठे विद्वान होते. फार लांबच्या ताऱ्यांची अंतरं मोजायची खात्रीची रीत नव्हती. ती सापडली एका बाईमुळे. हार्वर्डच्या वेधशाळेत काचेच्या पट्ट्यांवर उतरलेल्या ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचं काम हेन्रिएटा लेविट करायच्या. त्यांना ऐकायला फार कमी यायचं. काही तारे ठरावीक काळानं मंद आणि तेजस्वी होतात. १९१२ मध्ये लेविटबाईंनी दाखवून दिलं की असा तारा जितका मुळात तेजस्वी, तितका त्याचा हा फेरा लांब. म्हणजे फेरा मोजला की खरं तेज कळतं, आणि खरं तेज कळलं की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येतं. १९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातल्या धूसर ठिपक्यात असाच एक तारा सापडला. तो आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाला. देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका होती, आपल्या आकाशगंगेसारखीच ताऱ्यांची वस्ती. पुढे १९२९ मध्ये हबल यांनी अंतरं आणि वेग एकत्र मांडले. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे सरकलेला दिसतो, म्हणजे त्या आपल्यापासून लांब जातायत, आणि जितकी लांब तितका वेग जास्त. दोन वर्षं आधी, १९२७ मध्ये, बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी आइनस्टाइनच्या समीकरणांवरून हेच काढलं होतं. हे लमेत्र लक्षात ठेवा. आजोबांच्या वेळी ते आपल्याला लागणार आहेत.

फक्त पसरण्यावरून कुणी हा सिद्धांत मानला नसता. दुसरा पुरावा विश्व कशाचं बनलंय यात आहे, आणि त्याचा एक धागा सोलापूरच्या अगदी जवळून जातो. १८ ऑगस्ट १८६८ ला भारतात खग्रास सूर्यग्रहण होतं. सावलीचा पट्टा विजापूरच्या भागातून गुंटूरकडे गेला. जमखंडीला जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन अशी मंडळी वर्णपट, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून बघायची साधनं घेऊन बसली होती. सूर्याच्या कडेवरच्या वायूंच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी तीच रेघ नीट तपासली आणि ती पृथ्वीवर माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळत नाही असं पाहिलं. ते हेलियम होतं. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडलं.

पुढे सगळीकडे मोजून पाहिलं, तेव्हा विश्वातल्या साध्या पदार्थात वजनानं सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम निघालं. बाकीचं सगळं, म्हणजे लोखंड, कार्बन, ऑक्सिजन, सोनं, फार थोडं. तारे हायड्रोजन जाळून हेलियम करतात हे खरं, पण आजवरच्या सगळ्या ताऱ्यांनी मिळूनही एवढं हेलियम तयार होत नाही. जॉर्ज गॅमो आणि राल्फ आल्फर यांनी १९४८ मध्ये सांगितलं की विश्व सुरुवातीच्या काही मिनिटांत एका प्रचंड भट्टीइतकं तापलेलं असेल तर हे हेलियम तिथेच तयार झालं असणार. हिशोब करून प्रमाण काढलं की उत्तर एक चतुर्थांशच येतं. हे मला आजही थक्क करतं: पहिल्या काही मिनिटांत काय घडलं, याचा पुरावा आज प्रत्येक ताऱ्यात शिल्लक आहे.

इथे मुलीला सेसिलिया पेन यांच्याबद्दल जरूर सांगा. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे १९२५ मध्ये या पंचविशीतल्या मुलीनं आपल्या प्रबंधात काढलं. त्या काळचे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी हे शक्यच नाही असं कळवलं, आणि सेसिलियाबाईंनी स्वतःच्याच निष्कर्षावर "हे बहुधा खरं नसावं" असं लिहून टाकलं. चार वर्षांनी रसेल स्वतःच वेगळ्या वाटेनं त्याच उत्तराला पोचले आणि तिचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. वर्गात गप्प बसवलेल्या मुलीला ही गोष्ट कळायला हवी.

तिसरा पुरावा सगळ्यात बोलका. विश्व एकेकाळी तापलेलं होतं तर त्या उष्णतेचं काहीतरी अजून उरलं असेल ना? १९६४-६५ मध्ये अमेरिकेत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन हे एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. त्यांना सगळ्या दिशांनी, दिवसरात्र, बाराही महिने एक बारीक खरखर ऐकू यायची. अँटेनात कबुतरांनी घाण केली होती ती धुतली, तारा तपासल्या, खरखर गेली नाही. तो विश्वाच्या बालपणचा प्रकाश होता. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते इतकं निवलं की पहिल्यांदा अणू तयार झाले आणि प्रकाशाला मोकळी वाट मिळाली. तोच प्रकाश पसरत, ताणत, थंड होत आज उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आलाय. त्या दोघांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. आजोबांना अँटेनाचा जुना टीव्ही आठवत असेल. चॅनेल नसताना पडद्यावर मुंग्या यायच्या आणि खर्रर्र आवाज यायचा. त्या मुंग्यांमधला अगदी थोडा भाग, शंभरात एखादा, याच प्रकाशाचा असायचा. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा प्रकाश घरोघरी येत होता.

आता पुढचा प्रवास, तिला आवडेल असा. पहिल्या उजेडानंतर कोट्यवधी वर्षं अंधार होता, कारण तारेच नव्हते. मग जिथे वायू थोडा जास्त दाट होता तिथे तो स्वतःच्या वजनानं आत ओढला जाऊन पहिले तारे पेटले. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला विश्व ३० कोटी वर्षांचंही नव्हतं तेव्हाच्या दीर्घिका दिसल्यात. इतक्या लवकर इतक्या उजळ दीर्घिका कशा काय, हा सध्याचा ताजा प्रश्न आहे. २०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या संशोधकांनी याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून एक डौलदार चक्राकार दीर्घिका शोधली, विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचं असतानाची, आणि तिचं नाव ठेवलं अलकनंदा. त्याआधी २०१७ मध्ये पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब (प्रकाश वर्षभरात कापतो तेवढं अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधला होता. त्याचं नाव सरस्वती. ही नावं तिला सांगा. हे सगळं परदेशातच चालतं असं पोरांना वाटतं, आणि पुणं तर हुतात्मा एक्स्प्रेसच्या टप्प्यात आहे.

ताऱ्यांनी काय केलं, तर त्यांनी आपल्यासाठी माल तयार केला. हायड्रोजन-हेलियमपासून कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ताऱ्यांच्या पोटात घडतं. मोठे तारे शेवटी फुटतात आणि ते सगळं अवकाशात उधळतात. त्यातूनच ४५७ कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्य आणि पृथ्वी झाली. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठे तारे फुटल्यावर उरलेले अतिशय दाट गाभे, एकमेकांवर आदळल्याचं टिपलं गेलं, १३ कोटी प्रकाशवर्षं लांब. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत मोठ्या प्रमाणात तयार होतात, हे त्यावरून दिसलं. तुमच्या मंगळसूत्रातलं सोनं सूर्याच्याही आधी कुठल्यातरी ताऱ्यांच्या शेवटी घडलेलं आहे. मंगळवेढ्याच्या ज्या काळ्या रानात आजोबांनी ज्वारी पिकवली, ते रान दख्खनच्या बेसॉल्टच्या खडकाचं झिजून झालेलं. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, पण त्यातलं लोखंड पृथ्वीपेक्षा जुनं. आणि तुमच्या तांब्यातल्या पाण्यातला हायड्रोजन सगळ्यांत जुना. तो थेट त्या पहिल्या काळातला, १३८० कोटी वर्षांचा. तिला एवढं एक वाक्य सांगितलंत तरी पुष्कळ दिवस पुरेल.

एक गोष्ट मात्र लपवू नका. आतापर्यंत सांगितलेला सगळा पदार्थ, तारे, ग्रह, माती, माणसं, विश्वाच्या फक्त पाच टक्के भरतो. सुमारे सत्तावीस टक्के कृष्णपदार्थ आहे, जो दिसत नाही पण ओढतो. १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांना दीर्घिकांच्या एका समूहात त्याची चाहूल लागली. १९७० च्या आसपास व्हेरा रुबिन यांनी देवयानीतल्या आणि इतर दीर्घिकांमधल्या ताऱ्यांचे वेग मोजले, तेव्हा कडेचे तारे इतक्या वेगानं फिरत होते की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीनं ते धरून ठेवलेच जाणार नाहीत. उरलेले अडुसष्ट टक्के म्हणजे कृष्णऊर्जा. १९९८ मध्ये कळलं की विश्वाचं पसरणं मंदावायच्या ऐवजी वाढतंय. त्याला जे काही कारण आहे त्याचं हे नाव. ते नेमकं काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. पसरण्याचा वेगही दोन वेगवेगळ्या रीतींनी मोजला तर दोन वेगळी उत्तरं येतात, आणि शास्त्रज्ञ त्यावर भांडतायत. पंच्याण्णव टक्के काम शिल्लक आहे ताई. ते तुमच्या मुलीच्या वयाच्या पोरांसाठीच आहे.

मग आधी काय होतं? तिला स्पष्ट सांगा: अजून माहीत नाही. हे उत्तर देताना आवाज खाली करू नका. आपली समीकरणं मागे मागे नेली तर एका क्षणाच्या अतिसूक्ष्म भागापर्यंत चालतात, त्यापलीकडे ती मोडतात. तिथे गुरुत्वाकर्षण आणि अणूच्या आतलं शास्त्र यांचा मेळ लागत नाही. काही जण म्हणतात, काळच तिथे सुरू झाला, त्यामुळे "आधी" हा शब्दच लागू पडत नाही. काही म्हणतात, आधीचं एक विश्व आकसलं आणि त्यातून हे उमललं. यातलं कुठलंच आज पुराव्यानं ठरलेलं नाही. व्हिडिओतला माणूस ठामपणे काहीही सांगत असला तरी.

आणि महास्फोटच न मानणारे थोर शास्त्रज्ञही होऊन गेले. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर त्यांतले. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाला सुरुवातच नाही अशा सिद्धांतावर काम केलं आणि पुढेही महास्फोटाला अवघड प्रश्न विचारत राहिले. बहुतेकांना त्यांचं म्हणणं पटलं नाही, कारण तो उरलेला प्रकाश आणि हेलियमचं प्रमाण महास्फोटाच्या बाजूनं फार भक्कम साक्ष देतात. तरी त्यांनीच १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि तिथे महास्फोट मानणारे किती तरी तरुण घडले. मतभेद ठेवूनही माणसं एका छपराखाली राहू शकतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

यावरून आजोबांकडे येते. मगाशी लमेत्र लक्षात ठेवायला सांगितलं, ते याचसाठी. पसरणाऱ्या विश्वाची कल्पना मांडणारा आणि १९३१ मध्ये सगळं एका आदिम अणूतून सुरू झालं असेल असं म्हणणारा हा माणूस कॅथलिक पाद्री होता. रोज प्रार्थना करणारा. १९५१ मध्ये पोप जाहीर भाषणात या शोधामुळे देवाच्या सृष्टिनिर्मितीला दुजोरा मिळतो अशा अर्थाचं बोलले, तेव्हा सगळ्यात अस्वस्थ झाले ते लमेत्र. माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, हीच त्यांची भूमिका होती. त्यांची श्रद्धा गेली नाही आणि त्यांचं गणितही श्रद्धेच्या आधारानं उभं राहिलं नाही.

मुलीला हे समजावून सांगा. आजोबांना तिनं "खोटंय" म्हटलं तेव्हा तिच्याकडे तरी त्याचा पुरावा कुठे होता? महास्फोट झाला म्हणून आजोबांचा सिद्धेश्वर खोटा ठरत नाही. विश्व कसं वाढलं, कशाचं बनलं, याचा तो हिशोब आहे. ते का आहे, माणसानं कुणापुढे हात जोडावेत, हे त्या हिशोबात येत नाही. त्या एका शब्दाबद्दल तिनं आजोबांची माफी मागावी. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता, बोलणं उर्मट होतं, आणि हा फरक तिला तुम्हीच सांगायला हवा. पण आजोबांशीही बोला. हे तुमच्या यजमानांनी केलं तर जास्त बरं, वडील त्यांचे आहेत. "त्यानंच केलंय, विचारायचं काय" हे वाक्य लेकराला लागलं, कारण शाळेत नुकतंच तेच ऐकून ती आली होती. त्यानं केलं असेल तर कसं केलं हे बघायला हरकत कशाला, असं त्यांना विचारा. भक्त माणूस आहेत, त्यांना हे कळेल.

नुसत्या समजुतीनं दोघं बोलायला लागतील असं मला वाटत नाही. त्यांना मिळून करायचं काहीतरी काम हवं. सोलापूर पर्जन्यछायेतलं, दिवाळीनंतर इथलं आकाश महिनोन्‌महिने निरभ्र असतं. अमावस्येच्या आगेमागे सगळ्यांनी मंगळवेढ्याला नातेवाइकांच्या शेतावर जा, किंवा बार्शी रस्त्यानं नान्नजच्या पुढे कुणाची ओळख असेल तिथे. पूर्व भागातल्या गच्चीवरून दिव्यांमुळे फारसं दिसणार नाही. रानात राखणीला झोपलेल्या जुन्या माणसांना घड्याळाशिवाय आकाशावरून वेळ कळायची. बाज कुठे, कृत्तिका कुठे, तिकांडं (मृगाच्या मधले ओळीतले तीन तारे) कधी डोक्यावर येतं, हे तुमच्या सासऱ्यांना बहुधा माहीत असेल. त्यांनी बोट दाखवायचं आणि तिनं सांगायचं: कृत्तिकांचा पुंजका सुमारे ४४० प्रकाशवर्षं लांब, म्हणजे आज आपण बघतोय तो प्रकाश शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी निघालेला. तिकांड्याच्या खाली धूसर ठिपका दिसतो, तिथे आत्ता नवे तारे जन्मतायत. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा काक्षी, तो म्हातारा झालाय, पुढच्या लाखभर वर्षांत फुटेल. आणि नोव्हेंबरात रात्री नऊच्या सुमाराला उत्तरेकडे उंचावर, शर्मिष्ठेच्या वरच्या बाजूला, देवयानीचा पुसट डाग. आधी अंधाराला डोळे सरावू द्या, मोबाइल खिशात ठेवा, मग दिसेल. २५ लाख प्रकाशवर्षं. नुसत्या डोळ्यांनी माणसाला सहज दिसणारी ही सगळ्यात लांबची गोष्ट. तिथून हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता.

आता रात्रीची भीती. तिला हसू नका. "अगं, तोवर आपण कुठे असणार" हेही म्हणू नका, तिची भीती नेमकी तीच आहे. आकडे द्या. सूर्य अजून सुमारे ५०० कोटी वर्षं जळणार. त्याआधीच, १०० कोटी वर्षांच्या आसपास, तो इतका तापेल की पृथ्वीवरचे समुद्र टिकणार नाहीत. हे खरं आहे, लपवू नका. पण आपल्यासारखी माणसं या पृथ्वीवर येऊन जेमतेम तीन लाख वर्षं झालीत, आणि शेती करायला लागून बारा हजारही नाहीत. विश्वातले शेवटचे तारे विझायला तर शंभर लाख कोटी वर्षं लागतील, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या हजारो पट. आपण शेवटाजवळ नाही, फार सुरुवातीला आहोत. आणि तिला हे विचारा: सूर्य विझणार हे कळलं कुणाला? अभ्यास केलेल्यांनाच ना?

झोपण्याआधी तासभर व्हिडिओ बंद, हा नियम घरातल्या सगळ्यांना लावा, एकट्या तिला नको. तरीही दोन-तीन आठवडे झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम दिसत राहिला, किंवा "जगून काय उपयोग" अशा अर्थाचं ती बोलायला लागली, तर वाट बघत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. अशा वेळी विश्वाचा प्रश्न हे निमित्त असतं, त्रास दुसराच असू शकतो.

तुमच्या यजमानांचा प्रश्न पोटाचा आहे आणि तो रास्त आहे. माग चालवून घर चालवणाऱ्या माणसाला तो पडणारच. त्यांना सांगा, सध्या तिला कुठेही पाठवायचं नाहीये. नववी-दहावीला गणित आणि विज्ञान पक्कं होऊ द्या, बारावीला गणित सोडू देऊ नका. खगोलशास्त्राचं निम्मं काम आज संगणकावर चालतं. त्या वाटेनं गेलेली मुलं संशोधनात राहिली नाहीत तरी संगणकाच्या, माहितीच्या विश्लेषणाच्या नोकरीला लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी, म्हणजे अशा टकरींमुळे जागेतच उठणारे तरंग, टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभारायला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तिथे अभियंते लागतील, तंत्रज्ञ लागतील. औंढा नागनाथ तर आजोबांच्या ओळखीचं असेल, दर्शनाला गेलात की त्यांनीच तिला सांगावं की इथून जवळच दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकायचं यंत्र होणार आहे.

सध्या एवढं करा. केगावला विद्यापीठाच्या बाजूला विज्ञान केंद्र आहे, तिथे एका सुट्टीत जाऊन या. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुण्याची आयुका सर्वांसाठी खुली असते, आणि नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी दुर्बीणही लोकांना बघायला मिळते. शाळेतल्या ज्या शिक्षकांनी गप्प बसवलं त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. चाळीस मिनिटांच्या तासात साठ मुलं सांभाळताना असं होतं. त्याऐवजी मुलीला तिचे प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि त्यातला एखादा मधल्या सुट्टीत नेऊन त्यांना दाखवू द्या. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिंपियाडची परीक्षा असते, तिची चौकशीही शाळेतूनच होईल. आणि त्या वहीत उत्तर न सापडलेले प्रश्न साठले, तर पुढचं पत्र तिला स्वतःच्या हातानं लिहू द्या. मी उत्तर देईन.